आधी शून्य बघा

मला याद्या करायची सवय आहे. वाण्याची यादी, प्रवासाची यादी, पाहुणे येणार असतील तर त्यांची यादी, आणि या सगळ्या याद्या कुठे ठेवल्यात त्याची एक यादी. आमच्या जुन्या साहेबांबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हाही मी आधी वही काढून मुद्दे मांडले. सत्तावीस झाले. वाचून पाहिले तर त्यातले वीसेक एकाच गोष्टीबद्दल होते: या माणसाचा कुठल्याही मोजमापावर विश्वास नव्हता. स्वतःच्याही नाही. मग यादी बाजूला ठेवली आणि लिहायला बसले.

पिंपरीच्या पुढे इंजिनं बनवणारा एक मोठा कारखाना होता, अजूनही आहे. तिथल्या तपासणी खात्यात साहेब सीनियर इंजिनियर होते. खातं तेच चालवायचे, पण प्रमुखाची पाटी दुसऱ्याच्या दारावर होती. किरकोळ अंगाचे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशात मऊ कातड्याचा एक तुकडा. त्या तुकड्यानं ते मोजायची उपकरणं पुसायचे, चष्मा पुसायचे, आणि कँटीनमध्ये पाण्याचा पेलाही पुसायचे. वाढपी म्हणायचा, "साहेब, धुतलेला आहे." साहेब म्हणायचे, "असेल."

"आधी शून्य बघा" हे त्यांचं वाक्य. सकाळी खात्यात शिरताना इतर लोक नमस्कार करतात, साहेब विचारायचे, "शून्य बघितलं?" मायक्रोमीटर नावाचं उपकरण असतं, चिमट्यासारखं. त्यात वस्तू धरायची आणि जाडी वाचायची, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. पण त्याआधी ते रिकामं मिटून बघायचं, की काटा शून्यावर येतो का. नसेल येत, तर पुढचं प्रत्येक रीडिंग तेवढ्यानं खोटं. हे इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात आणि दुसऱ्या वर्षापर्यंत सगळे विसरतात.

साहेब विसरायचे नाहीत, आणि कारखान्याबाहेरही विसरायचे नाहीत. नारायण पेठेत त्यांच्या इमारतीखाली एक भाजीवाली बसायची. मी एकदा त्यांच्याबरोबर कंपनीच्या बसमधून उतरले तेव्हाचा संवाद मला तोंडपाठ आहे.

"मावशी, पारडी रिकामी करा बघू."

"केली. आता फुंकर मारू का?"

"मारा."

तिनं खरंच फुंकर मारली. मग साहेबांनी अर्धा किलो गवार घेतली.

'साधारण' हा शब्द खात्यात चालत नसे. एकदा एक जण म्हणाला, "सर, साधारण अर्धं काम झालंय." साहेब म्हणाले, "अहो, साधारण अर्धं म्हणजे काय? निदान अर्धं तरी नक्की असतं." बसस्टॉपपासून त्यांचं घर किती लांब असं मी विचारलं होतं, तेव्हा "तीनशे बारा पावलं, चपला असतील तर" असं उत्तर मिळालं होतं. बूट असतील तर किती, हे विचारायचं मी टाळलं.

माणूस गोड नव्हता. कौतुक त्यांना जमत नसे. फार खूश झाले तर "बरं" म्हणायचे. शिव्या कधी दिल्या नाहीत, पण अहोजाहो करून असं काही बोलायचे की शिवी परवडली असती. खात्याचा एक नियम मात्र त्यांनी सगळ्यांच्या हाडात भिनवला होता. प्रत्येक कागदावर दोन सह्या. पहिली ज्यानं काम केलं त्याची, दुसरी ज्यानं तपासलं त्याची. दुसरी सही करणाऱ्यानं स्वतः पुन्हा मोजायचं, नुसतं पहिल्याच्या तोंडाकडे बघून सही ठोकायची नाही. काम पुरतं मिटलं की साहेब फाईलच्या कव्हरवर हिरव्या शाईनं 'बंद' असं लिहायचे. ते दोन अक्षरी लेणं मिळेपर्यंत फाईल कपाटात जात नसे.

माझी आणि त्यांची पहिली भेट मुलाखतीत झाली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. परदेशी कंपन्यांशी करार व्हायला लागले होते आणि कारखान्यांना माणसं हवी होती. माणसं म्हणजे पुरुष, असं जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं, पण शॉपवर, म्हणजे यंत्रं चालतात तिथे, तोवर एकही मुलगी नव्हती. मी संभाव्य प्रश्नांची यादी केली होती, चाळीस प्रश्नांची. त्यातला एकही आला नाही.

टेबलामागे तिघे होते. मधे जनरल मॅनेजर, सफारी सूटमधले. एका बाजूला कर्मचारी विभागाचे अधिकारी. दुसऱ्या टोकाला साहेब, काहीतरी पुसत बसलेले. अधिकाऱ्यांनी विचारलं, "लग्नाचं काय ठरलंय? नंतर नोकरी सोडणार असाल तर आत्ताच सांगा."

मी तोंड उघडायच्या आत साहेब पुसता पुसता म्हणाले, "अहो, ते त्यांच्या घरच्यांना विचारू दे. इथे पिन मोजायची आहे." आणि त्यांनी एक लाकडी पेटी आणि बोटाएवढी पोलादी पिन माझ्याकडे सरकवली. "मोजा, बाई."

पेटीत मायक्रोमीटर होतं. मी काळजीपूर्वक तीनदा मोजलं आणि आकडा सांगितला.

"नक्की?"

"तीनदा मोजलं, सर."

"म्हणजे तीनदा चुकलात. शून्य बघितलं?"

मी मायक्रोमीटर मिटून पाहिलं. काटा शून्याच्या तीन रेघा पुढे होता. साहेबांनी तो मुद्दाम तसा ठेवला होता. हे त्यांचं मुलाखतीसाठीचं खास उपकरण होतं. नंतर मला कळलं की माझ्या आधीच्या एकानं "उपकरणच बिघडलेलं आहे, त्याला मी काय करू" असा वाद घातला होता, आणि दुसऱ्यानं "माझ्या लक्षात आलं होतं, पण तुम्ही विचारलं नाहीत" असं सांगितलं होतं.

नोकरी गेली हे नक्की होतं. हाताला लागलेली सवय, म्हणून मी पर्समधून छोटी वही काढली आणि त्यात लिहिलं.

"काय लिहिताय?" साहेबांनी विचारलं.

"मोजण्याआधी शून्य बघणे."

"दाखवा."

त्यांनी ती ओळ वाचली आणि बिनदिक्कत मागचं पान उलटलं. त्यावर त्या दिवसाची यादी होती. 'बस सहा वीस. पेनं दोन. प्रमाणपत्रं, मूळ प्रती. दगडूशेठला नमस्कार, वेळ उरल्यास.'

"उरला वेळ?"

"नाही, सर."

"बरं," साहेब म्हणाले आणि वही परत दिली. आठ दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. एक वर्षाची प्रोबेशन. त्या वर्षात काही गडबड झाली तर मी घरी जाणार होतेच, पण माझ्यामागे दुसरी मुलगी त्या गेटमधून आत येणार नव्हती. जनरल मॅनेजरांनी पहिल्याच दिवशी तसं स्वच्छ सांगितलं होतं. "तुमच्यावरून ठरेल."

अकराव्या महिन्यात गडबड झाली.

आमच्या पिनांची पहिली मोठी परदेशी ऑर्डर निघायची होती. दोन हजार नग, वीस खोकी. शेवटची तपासणी माझ्याकडे होती. माझ्या टेबलावरचं मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला, म्हणजे त्याचीच तपासणी करून घ्यायला, गेलं होतं. साहेब मीटिंगला गेले होते. मी त्यांचा खण उघडला. लाकडी पेटी दिसली. खात्यातल्या सगळ्या पेट्या एकसारख्याच दिसत. मी ती घेतली, पन्नास पिना मोजल्या, आकडे लिहिले, सही केली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं नियमाप्रमाणे पुन्हा मोजलं, त्याच मायक्रोमीटरनं. आमचे आकडे इतके जुळले की आम्हा दोघांना बरं वाटलं. मी पेटी खणात ठेवून दिली. साहेब आल्यावर दोन्ही सह्या बघून त्यांनी गेटपासवर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या भरतीच्या मुलाखती होत्या. टाय लावलेले पाच उमेदवार बाहेरच्या बाकावर बसले होते. साहेबांनी मुलाखतीसाठी खण उघडला आणि ते थांबले.

"ही पेटी कोणी हलवली?"

पेटी जागेवरच होती. पण साहेब ती बिजागरी डावीकडे करून ठेवायचे, आणि ती उजवीकडे होती.

"मी, सर. काल."

"कशाला?"

"एक्सपोर्टच्या पिना मोजायला." हे म्हणता म्हणता माझ्या डोळ्यांपुढे ती मुलाखतीची खोली आली, आणि तीच पेटी.

साहेबांनी "शून्य बघितलं?" असं विचारलं नाही. एकदाच विचारायला हवं होतं तेव्हा त्यांनी विचारलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि गेटकडे चालू लागले. ते पळत नसत. पण मला त्यांच्यामागे पळावं लागलं.

ट्रकचं इंजिन सुरू झालं होतं. साहेब त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले, हात मागे बांधून, बसची वाट बघत असल्यासारखे.

ड्रायव्हर वरून ओरडला, "अवो साहेब, बाजूला व्हा. बंदरावर पोचायला उशीर हुतोय."

"होऊ द्या."

"सगळं कागद झाल्यात की! ही बघा, सही तर तुमचीच हाय!"

"म्हणूनच आलोय," साहेब म्हणाले.

खोकी उतरवली. दहा मिनिटांत जनरल मॅनेजर खाली आले. काय झालं ते ऐकून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तरी मी म्हणत होतो, शॉपवर मुली नकोत."

"ते नंतर बोलू," साहेब म्हणाले. "आधी पिना मोजू."

दोन हजारच्या दोन हजार मोजायच्या ठरल्या. खात्यात माणसं नऊ. साहेब बाहेरच्या बाकापाशी गेले आणि त्या पाच उमेदवारांना म्हणाले, "आपल्याला मोजायलाच बोलावलं होतं. या." टाय खांद्यावर टाकून ती पाचही मुलं आमच्याबरोबर टेबलांना बसली. दुसऱ्या सहीसाठी प्रत्येकाशेजारी खात्यातलं एक माणूस. साहेब मागून फिरत होते, आणि कोण मोजण्याआधी मायक्रोमीटर मिटून बघतो ते पाहत होते. उपकरणं सगळी चांगली होती, शून्यं सगळी बरोबर. पाचांतल्या दोघांनी तरीही बघितलं. दोघांनाही नोकरी मिळाली.

दुपारी चारला शेवटचं खोकं संपलं. एकही पिन बाद नव्हती. दोन हजारच्या दोन हजार मर्यादेत बसत होत्या. ग्राइंडिंगवाल्यांनी, म्हणजे पिना घासून मापाला आणणाऱ्यांनी, माप अशा बाजूला राखलं होतं की त्या तीन रेघांची चूक त्यात सामावून गेली होती.

जनरल मॅनेजर आता खरे भडकले. "म्हणजे माल ठीकच होता! आणि तुम्ही जहाज चुकवलंत!"

"सकाळी माल ठीक असेल असं वाटत होतं," साहेब म्हणाले. "आता ठीक आहे."

"बरं, झालं ते झालं. उशीर ट्रकमुळे झाला असं लिहा आणि संपवा."

"ट्रक वेळेवर आला होता," साहेब म्हणाले, आणि टेबलाशी बसून अहवाल लिहू लागले.

तो अहवाल मी दुसऱ्या दिवशी वाचला. अर्ध्या पानाचा होता. 'चुकीचे शून्य असलेले उपकरण मी माझ्या खणात ठेवले होते. त्यावर कोणतीही खूण नव्हती. ते इतर उपकरणांसारखेच दिसत होते. त्यामुळे ते वापरात आले. जबाबदारी माझी.' खाली पहिली सही साहेबांची. माझं नाव कुठेच नव्हतं.

मी कागद घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. "सर, यात माझं नाव नाही. शून्य मी बघितलं नाही."

"मुलाखतीतही बघितलं नव्हतं."

"हो."

"हे माहीत असून तुम्हाला घेतलं कोणी?"

"तुम्ही."

"मग झालं की. आणि बाई, नुसतं लिहून ठेवायचं नसतं. लिहिलेलं मधूनमधून वाचायचंही असतं."

मी जागेवर येऊन रडले. जितकं रडू येईल असं वाटलं होतं त्याहून कमी. मग वही काढून जुनं पान शोधलं आणि ती ओळ खाकी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून माझ्या टेबलावर लावली. साहेबांनी येता-जाता ती पाहिली. "बरं" म्हणाले नाहीत, पण काढायलाही सांगितली नाही. त्याच दिवशी त्यांनी खणातल्या त्या मायक्रोमीटरचं शून्य जुळवून घेतलं आणि ते नोंद करून वापरात देऊन टाकलं. पुढच्या मुलाखतींना ते चांगलंच उपकरण द्यायचे. कोणीतरी विचारलं, "मग परीक्षा कसली?" साहेब म्हणाले, "तीच. बरोबर असलेलं शून्यसुद्धा बघतो तो माणूस आपला."

महिन्याभरानं मी कायम झाले. त्याच्या पुढच्या वर्षी प्रमुखाची जागा रिकामी झाली. सगळ्यांनी धरून चाललं होतं की ती साहेबांना मिळेल. पण परदेशी भागीदार कंपनीनं जुन्या फाईली मागवल्या होत्या, आणि त्यात साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला तो अर्ध्या पानाचा अहवाल होता. जागा बाहेरच्या माणसाला मिळाली. साहेबांनी पेढ्याचा डबा आणून नव्या प्रमुखांचं स्वागत केलं आणि त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं, "शून्य बघितलं?"

ती जागा माझ्या न बघितलेल्या शून्यानं गेली, हे मी वहीत लिहून ठेवलं.

वर्षं गेली. हिंजवडीला काचेच्या इमारती उठल्या आणि आमच्या खात्यातली अर्धी मुलं तिकडे गेली. साहेबांनी कोणाला अडवलं नाही. शिफारसपत्र मागितलं की द्यायचे, एका ओळीचं. 'हे गृहस्थ मोजल्याशिवाय बोलत नाहीत.' या ओळीवर चांगल्या चांगल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत लोक लागले. मलाही बोलावणं आलं होतं. मी दोन रकान्यांची यादी केली, जाण्याच्या बाजूला नऊ मुद्दे निघाले आणि राहण्याच्या बाजूला चार. राहिले. त्या चारांतला शेवटचा मुद्दा मी कोणाला दाखवलेला नाही.

साहेब निवृत्त झाले. पुढे बऱ्याच वर्षांनी त्या प्रमुखाच्या खोलीत मी बसले. पहिल्या आठवड्यात कपाटं लावायला घेतली, अर्थात यादी करून. साहेबांच्या काळातल्या सगळ्या फाईलींवर हिरवा 'बंद' होता. एका फाईलवर नव्हता. तीच ती. अहवालाखाली पहिली सही साहेबांची, आणि दुसऱ्या सहीची जागा रिकामी. मला इतकी वर्षं वाटत होतं की जनरल मॅनेजरांनी रागानं सही केली नसेल.

मी त्याच कागदावर खाली लिहिलं, 'जोड: उपकरण मी साहेबांना न विचारता त्यांच्या खणातून घेतले. वापरण्याआधी शून्य बघितले नाही.' तारीख घातली, सही केली. फाईल बाहेर न्यायला प्रमुखाची परवानगी लागते. ती मी मला दिली, रजिस्टरमध्ये नोंद केली, आणि रविवारी सकाळी नारायण पेठेत गेले.

दार काकूंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीनं उघडलं. "ये गं. पोह्यांत मीठ आहे, आम्ही दोघांनीही तपासलंय."

साहेब खिडकीशी बसले होते, आणखी किरकोळ झालेले. शेजारी रक्तदाब मोजायचं यंत्र. "दंडाला बांधण्याआधी शून्यावर येतं का बघतो," ते म्हणाले. "डॉक्टर चिडतात."

मी फाईल उघडून पुढे धरली. त्यांनी खिशातून तो कातड्याचा तुकडा काढला, चष्मा पुसला, जोड वाचली. मग वर न बघता विचारलं, "कुठल्या खणातून घेतली होती?"

"डाव्या. वरून दुसऱ्या."

"बिजागरी?"

"घेतली तेव्हा डावीकडे. ठेवली तेव्हा उजवीकडे."

"किती पिना मोजल्यात?"

"पन्नास."

"शून्य?"

"नाही बघितलं, सर."

त्यांनी हात पुढे केला. मी पेन दिलं. वर्तमानपत्राच्या कडेला एक रेघ ओढून ते चालतं का बघितलं, आणि माझ्या सहीशेजारी दुसरी सही केली. मग पेन माझ्याकडे दिलं आणि वरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "आता ही."

"ही माझी होती?"

"नाहीतर कोणाची? पेटी काढताना तिथे दुसरं होतं कोण?"

मी पेन टेकवलं आणि उचललं. तपासल्याशिवाय दुसरी सही करायची नाही, हे मी त्यांच्याच हाताखाली शिकले होते. "सर, पेटीवर खूण का नव्हती?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "उमेदवाराला कळलं असतं."

"बाकीच्यांना कळायला नको होतं का?"

"हवं होतं."

"मग चूक कोणाची?"

"माझी," साहेब म्हणाले. "लिहिलंय ना वर."

मी सही केली. त्यांनी फाईल मिटली, खिडकीतल्या डब्यातून हिरवं पेन शोधून काढलं, त्याचीही रेघ ओढून पाहिली, आणि कव्हरवर लिहिलं, 'बंद'.

"बरं," ते म्हणाले. आणि आतल्या बाजूला बघून, "अहो, पोहे आणा."